तुम्ही विचारलंत म्हणून : वहीवरची सही

‘मुलांना वर्षभर राबवून घेता, हातात प्रमाणपत्र देता आणि फाटकाबाहेर काढता, मग शिकवता तरी कशाला?’ हा प्रश्न मला आगाराच्या फाटकाशी थांबलेल्या पालकांनी विचारला आहे, आयटीआयमधल्या सहकाऱ्यांनी विचारला आहे आणि लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांनीही विचारला आहे. एका सार्वजनिक बससेवेच्या कार्यशाळेत मी सव्वीस वर्षे काढली, त्यातली शेवटची नऊ शिकाऊ उमेदवारांचा पर्यवेक्षक म्हणून. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मी विषय संपवला आणि दर वेळी ते उत्तर अपुरे असल्याचे मला ठाऊक होते.

नोकरी देणे माझ्या हातात कधीच नव्हते, हे आधी सांगतो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि प्रशिक्षण पूर्ण केलेल्या मुलाला नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन त्याने मालकावर सरसकट घातलेले नाही. उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळातील शिकाऊ उमेदवारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे. हा निकाल मी पालकांना अनेकदा समजावून सांगितला आहे. परंतु प्राधान्य मिळते ते भरती निघाली तर, आणि आमच्याकडे यांत्रिकांची भरती वर्षानुवर्षे निघाली नाही. या भागाबद्दल मला दोष देऊ नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘राबवून घेता’ हे मात्र खरे आहे. २०१९ मध्ये नियम बदलले. कंत्राटी माणसे धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आले आणि आयटीआय झालेल्या मुलाचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये झाले. नियम चांगलाच होता. पण त्याच वर्षांत आमचे जुने यांत्रिक एकेक करून निवृत्त होत होते, त्यांच्या जागा भरल्या जात नव्हत्या आणि पहाटे पाचची गाडी तर सुटायलाच हवी होती. रिकाम्या झालेल्या जागी शिकाऊ मुले उभी राहिली. कोणी तसा आदेश काढला नव्हता. पाळी लावताना माणूस कमी पडला की हात आपोआप मुलांच्या यादीकडे जाई आणि अनेकदा तो हात माझाच असे.

शिकवणे म्हणजे काय, हे मी स्वतः एका हेड मेकॅनिककडून शिकलो. ते पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात, उतरत, ब्रेकच्या पुशरॉडवर खडूने खूण करत, मला वर केबिनमध्ये पाठवून पेडल दाबायला सांगत आणि रॉड किती बाहेर आला ते पट्टीने मोजत. मग आम्ही जागा बदलत असू. पेडल ते दाबत आणि मी मोजलेला आकडा ओरडून सांगत असे. आकडा चुकला की ते रागावत नसत, ‘पुन्हा मोज’ म्हणत. एका चाकाला वीस मिनिटे जात. दोन माणसे आणि वीस मिनिटे, यापलीकडे आमच्या प्रशिक्षणाला कशाचीच गरज नव्हती आणि नेमक्या याच दोन गोष्टी आम्ही गमावल्या. भोसरीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टमध्ये मी एक अभ्यासक्रम केला आणि तिथे पुष्कळ शिकलो. परंतु यांत्रिकाचा हात शेवटी पिटमध्येच तयार होतो.

आता त्या मुलाविषयी, कारण त्याच्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही.

तो डिझेल मेकॅनिक या ट्रेडचा शिकाऊ उमेदवार होता, शांत आणि वेळेवर येणारा. आला तेव्हा धुलाईच्या रॅम्पवर माणूस नव्हता म्हणून चार महिने तिथे गेला. नंतर टायर विभागात गेला, तिथे त्याचे काम इतके चांगले होते की त्या विभागाने त्याला सोडलाच नाही. त्याला ब्रेक विभागात पाठवायचे आहे, असे मी दोनदा म्हणालो आणि दोनदा ‘पुढच्या महिन्यात’ हे उत्तर ऐकून गप्प बसलो. वर्ष संपले. परीक्षेच्या आधी, मुलांनी वर्षभरात केलेल्या कामांची नोंद असलेल्या चौतीस वह्या माझ्या टेबलावर आल्या आणि एका दुपारी मी त्या सगळ्यांवर सह्या केल्या. त्याच्या वहीत ‘ब्रेक चेंबर उतरवणे व बसवणे’ ही ओळ होती, शेजारी तारीख होती, खाली माझी सही होती. ते काम त्याने केलेले नाही, हे सही करताना मला ठाऊक होते.

बसच्या मागच्या चाकाजवळ जो ब्रेक चेंबर असतो, त्याच्या पाठीमागच्या अर्ध्या भागात एक जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवेचा दाब आहे तोवर ती दबून राहते. हवा गेली की उसळते आणि चाक जखडून ठेवते. उतारावर उभी केलेली गाडी तिच्याच जोरावर थांबते आणि तो जोर टनाच्या घरात असतो. म्हणून चेंबर खोलण्याआधी एक लांब बोल्ट मागून आत घालायचा, फिरवून अडकवायचा आणि नट आवळून स्प्रिंग बांधून टाकायची. तो बोल्ट बहुधा चेंबरच्या बाजूलाच खोचलेला असतो.

प्रमाणपत्र पाहून एका ठेकेदाराने त्याला थेट ब्रेकच्या कामावर घेतले. आठ महिन्यांनी त्याने हवा गळणाऱ्या एका चेंबरच्या क्लॅम्पचा नट स्प्रिंग न बांधताच सैल केला. झाकण उडून उजव्या हातावर आदळले आणि मनगटाच्या वरची दोन्ही हाडे मोडली.

तो मला भेटायला आला, तो तक्रार करायला नव्हे. बसून करता येईल असे, भांडारातले वगैरे, काही काम मिळेल का, एवढेच त्याला विचारायचे होते. त्याचा तळहात पुरता वर वळत नव्हता. चहाचा कप त्याने डाव्या हाताने घेतला. जाता जाता म्हणाला, “सर, तो बोल्ट मी बघितला होता. बाजूलाच होता. कशासाठी असतो ते माहीत नव्हतं.”

त्या दुपारी सह्या करणारा मी अजूनही माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो की सही केली नसती तर मुलाची परीक्षा हुकली असती, वर्ष वाया गेले असते, आणि चूक कार्यशाळेची असताना शिक्षा त्याला झाली असती. हे खोटे नाही. मी त्याला म्हणतो की मग ती ओळ कोरी ठेवून वरिष्ठांना लेखी कळवायचे होते. तो विचारतो, कळवून काय झाले असते? यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मी कळवले नाही, एवढे उरतेच.

आता मी एका आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर शिकवतो. भंगारातून आणलेला एक चेंबर उभा कापून वर्गात ठेवला आहे आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला दुसऱ्या, अखंड चेंबरमध्ये तो बोल्ट स्वतःच्या हाताने घालायला लावतो. तरीही ‘शिकवता कशाला’ याचे समाधानकारक उत्तर मला सापडले आहे, असा माझा दावा नाही. २०२० च्या एप्रिलपासून भारत-६ (बीएस-६) या प्रदूषण निकषाची इंजिने आली आणि दोष शोधायला लॅपटॉप लागू लागला. पाठोपाठ इलेक्ट्रिक बस आल्या आणि त्यांपैकी बहुतेकांची देखभाल किलोमीटरमागे पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराकडे गेली. गाड्या लोकांच्या सेवेत आहेत, पण त्यांच्याखाली उतरून शिकण्याची जागा सार्वजनिक कार्यशाळेत उरलेली नाही.

मागच्या महिन्यात एका मुलाने कापलेल्या चेंबरमध्ये बोट घालून विचारले, “सर, इलेक्ट्रिक बसमध्येपण हाच असतो?” मी सांगितले की त्या मोठ्या बसलाही ब्रेक हवेचेच असतात, फक्त हवा भरणारा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. “मग आम्हाला ती बघायला मिळेल का?” त्याच संध्याकाळी मी जवळच्या इलेक्ट्रिक बस आगाराला पत्र लिहिले : बावीस मुले, दोन दिवस, फक्त पाहण्यासाठी. परवानगी अजून आलेली नाही. तो मुलगा दर सोमवारी विचारतो.