तेसोच्या शाळांमध्ये: युगांडातील ख्रिस्ती तरुणकार्याचा वृत्तांत

पूर्व युगांडातील तेसो प्रांतात, सोरोती आणि कुमी या गावांच्या परिसरातील शाळांमध्ये, स्थानिक ख्रिस्ती शिक्षक तरुणांसाठी जे कार्य चालवतात त्याला मदत करण्यासाठी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातील काही जण फेब्रुवारीत गेलो होतो. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

फेब्रुवारी निवडण्याचे कारण साधे होते. तेथील शालेय वर्ष याच महिन्यात सुरू होते, आणि मार्चमध्ये पाऊस लागला की आतल्या गावांकडे जाणारे मुरमाचे रस्ते कठीण होतात. सप्टेंबरनंतरचे तिसरे सत्र टाळावे. तेव्हा सातवीची मुले प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेच्या तयारीत असतात आणि पाहुण्यांमुळे शिक्षकांची केवळ अडचण होते. एन्टेबेच्या विमानतळावरून कंपाला, जिंजा, म्बाले असा रस्त्याने प्रवास करून सोरोतीला पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, त्यामुळे रात्री उतरणाऱ्यांनी एन्टेबेतच मुक्काम करावा.

युगांडात 1997 पासून प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि वर्ग भरून गेले. काही ठिकाणी आंब्याच्या झाडाखालीही वर्ग भरतो. अनेक सरकारी शाळा मुळात मिशनने किंवा चर्चने काढलेल्या असल्याने प्रार्थनेला तेथे कोणी हरकत घेत नाही, पण त्याच बाकांवर मुसलमान मुलेही बसतात, हे आपण विसरू नये. आमचे यजमान शिक्षक याबाबत काटेकोर होते: शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा पाठ, शाळा सुटल्यावर घ्यायचा आणि ज्याला यायचे असेल त्यानेच यायचे. मला हीच पद्धत योग्य वाटते. परदेशी पाहुण्याने सगळ्या शाळेसमोर उभे राहून “ख्रिस्ताला स्वीकारण्याचा निर्णय किती जणांनी घेतला?” असे विचारले, तर मुले भिडेखातर हात वर करतात, आणि त्या हातांची संख्या मायदेशीच्या अहवालात शोभून दिसण्यापलीकडे तिचा उपयोग नसतो.

खरे काम विद्यार्थ्यांचे पुढारी आणि त्यांच्यावर देखरेख करणारा शिक्षक करतात, आणि आपण निघून गेल्यावरही तेच करणार असतात. म्हणून पाठ त्यांनी घ्यावा आणि आपण लहान गट, खेळ व तयारी सांभाळावी. पहिल्या तीन इयत्तांना स्थानिक भाषेत शिकवतात, तेव्हा तेथे दुभाषा लागतो. चौथीपासून इंग्रजी माध्यम असले तरी वाक्ये लहान ठेवावीत. गाण्यांची मोठी तयारी करून गेलेल्यांना अकोगो हे अंगठ्यांनी वाजवायचे वाद्य आणि मुलांचे गाणे ऐकल्यावर आपली तयारी फिकी वाटेल. मुलांना हातोहात खाऊ किंवा पेन वाटू नयेत. द्यायचे असेल ते मुख्याध्यापकांकडे द्यावे. अतेसो या तेथील भाषेतील पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) प्रती कंपालात विकत घेता येतात, त्या येथून नेण्याचा प्रश्नच नाही. परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत, आणि कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसू नये.

जेवणात अटापा मिळतो. नाचणी व कसावा या कंदाच्या पिठाचा हा घट्ट गोळा कोकणातल्या माणसाला परका वाटणार नाही. शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर तो उत्तम लागतो, आणि तो नाकारणे यजमानांना लागते. पाणी मात्र उकळलेले किंवा बाटलीबंदच प्यावे. या भागात मलेरिया पुष्कळ आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे आणि मच्छरदाणीतच झोपावे.

पर्यटक व्हिसावर शाळांत सेवा करता येईल असे गृहीत धरू नये. कोणता परवाना लागेल हे निमंत्रण देणाऱ्या मंडळीकडून लेखी घ्यावे. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलीस पडताळणी दाखला बरोबर असावा. डॉलरच्या जुन्या, दुमडलेल्या किंवा लहान रकमेच्या नोटांना भाव कमी मिळतो. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र युगांडात शिरताना लागतेच, पण परतताना ते सामानात न टाकता हाताशी ठेवावे, कारण ते नसल्यास भारतीय विमानतळावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.