सोडली नाही, काढलं

मार्च २०२४ मधली गोष्ट. दापोली कोर्टातलं काम दुपारी एकलाच आटोपलं होतं. ऑफिसात येऊन डबा उघडणार, एवढ्यात पासष्टी ओलांडलेल्या एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात वर्तमानपत्राचं कात्रण.

"लष्करातल्या बायकांच्या केशी बघते ती वकील तूच ना गो?"

मी हो म्हटलं. माजी सैनिकांच्या मेळाव्यांना मी गेली काही वर्षं जाते. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष आणि मागे भिंतीला टेकून बायका बसलेल्या असतात. पेन्शन, बढती, बडतर्फी यातलं काहीही असो, कागद घेऊन या, असं मी मागे जाऊन त्यांना सांगते. येणाऱ्या बहुतेक जणी विधवा असतात, पतीच्या पेन्शनसाठी आलेल्या. स्वतःच्या नोकरीचा कागद घेऊन आलेली ही माझ्याकडची पहिलीच बाई. त्यांचं नाव-गाव इथे लिहीत नाही.

कात्रण सेलिना जॉन यांच्या निकालाचं होतं. त्या लष्करी परिचर्या सेवेत, म्हणजे लष्कराच्या नर्सिंग सेवेत, लेफ्टनंट होत्या. लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये त्यांना सेवामुक्त केलं गेलं. लष्करी न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठाने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने त्यांना साठ लाख रुपये द्यायला सांगितले. लग्न झालं म्हणून बाईची नोकरी जाणं ही उघड मनमानी आहे, असं न्यायमूर्तींनी स्वच्छ लिहिलं.

"माझंही असंच झालं," मावशी म्हणाल्या. "पण मी कधी कुणाजवळ बोलले नाही."

साडीच्या जुन्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. टाइप केलेल्या पत्राची कार्बन प्रत होती. घड्यांवर फाटलेली, मागून चिकटवलेली पट्टी पिवळी पडलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास. मजकूर जेमतेम दीड ओळीचा. विवाह केल्यामुळे सेवा समाप्त, एवढाच. आधी नोटीस नाही, विचारणा नाही. कागदाबरोबर रुमालाची एक पुरचुंडी निघाली. तिच्यात दोन पितळी चांदण्या होत्या, खांद्यावर लावायच्या. लख्ख.

"आमसुलाच्या पाण्यानं घासते. दिवाळीला देवाची भांडी घासायला काढते ना, तेव्हा."

मी विचारलं, "घरी ठाऊक आहे?"

"नोकरी होती ते ठाऊक आहे. सोडली म्हणून सांगितलंय."

मग हळूहळू सगळं बोलल्या. काढून टाकल्याचं पत्र घेऊन माहेरी आल्या तेव्हा वडिलांनी दार लावून बजावलं होतं: सासरी सांग, संसारासाठी सोडली. काढली म्हटलंस तर लोक विचारतील, काय केलंन म्हणून काढली? नवरा मुंबईला गोदीत कामाला. त्याला खरं माहीत होतं, तोही गप्प राहिला. आता तो नाही. सून हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कौतुकाने सांगते, आमच्या आईंनी घरासाठी मिलिटरीची नोकरी सोडली हो. मावशी मान डोलावतात. अडतीस वर्षं.

वडिलांची भीती खोटी नव्हती. ज्या नियमाखाली त्यांना काढलं तो मी कपाटातून काढून त्यांना वाचून दाखवला. १९७७ ची लष्करी सूचना, क्रमांक ६१. सेवा कशाकशामुळे संपेल याची यादी आहे तिच्यात: वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्यास, विवाह केल्यास, गैरवर्तन केल्यास. लग्नाला आजारपण आणि गैरवर्तन यांच्यामध्ये बसवलं होतं. ही सूचना रद्द झाली १९९५ च्या ऑगस्टमध्ये. मावशी बराच वेळ त्या ओळींवर बोट ठेवून बसल्या होत्या. माझा डबा तसाच राहिला.

मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. लष्करी न्यायाधिकरणात दाद मागायची मुदत सहा महिन्यांची. इतक्या वर्षांच्या विलंबाला माफी मागावी लागेल, मुंबई खंडपीठापुढे जावं लागेल, आणि सेलिना जॉन यांना मिळालं म्हणजे प्रत्येकीला मिळेलच असं नाही. पण दारं उघडली आहेत ती अशाच चिकाटीने, हेही सांगितलं. २०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याचा, हक्क मिळाला. त्यानंतर लष्कराने चाळिशी-पन्नाशीतल्या अधिकाऱ्यांना तोच शारीरिक निकष लावला, जो पुरुषांना तरुणपणी, पाचव्या-दहाव्या वर्षी पार करावा लागला होता. त्या पुन्हा कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं की वरवर समान दिसणारा हा निकषही भेदभावच आहे. एकदा जिंकून भागत नाही, हे मला त्या निकालाने शिकवलं.

आमच्या दापोलीला तर हे नवीनही नाही. इंग्रजांची लष्करी छावणी इथे होती, म्हणून लोक अजून गावाला 'कॅम्प' म्हणतात. इथेच राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ मध्ये महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारसाठी अर्ज तयार केला होता. अंगावर वर्दी चढवायची लायकी जन्मावरून ठरवू नका, एवढंच तर मागणं होतं. मावशींचं मागणं मला त्याच जातकुळीचं वाटतं.

न्यायाधिकरणाचं काम इंग्रजीत चालतं, पण हकिगत मी आधी मराठीत उतरवून घेते. अशिलाला वाचता आली पाहिजे, हा माझा हट्ट आहे. मी सांगत गेले, आमचा टायपिस्ट लिहीत गेला. प्रत हातात आल्यावर मावशींनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचायला घेतली. तिसऱ्या परिच्छेदावर थांबल्या.

"हे काय लिहिलंयस रे बाबा?"

सवयीने त्याच्या हातून उमटलं होतं: 'विवाहामुळे अर्जदाराने नोकरी सोडली.' माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

त्यांनी माझं पेन मागून घेतलं. 'अर्जदाराने नोकरी सोडली' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'अर्जदारास नोकरीवरून काढण्यात आले.' अक्षर अगदी टपोरं, केसपेपरवर नोंद करावी तसं.

"मावशी, थांबा, नवी प्रत काढून देते," मी म्हटलं.

"नवी काढ हो कोर्टासाठी. ही मला दे. सुनेला वाचायला द्यायचीय." आणि खोडलेल्या शब्दांशेजारी त्यांनी सही केली.