तुम्ही विचारलंत म्हणून: जिरेनियमला ऊन नक्की किती?

थंडी पडायला लागली आणि नर्सऱ्यांमध्ये जिरेनियम दिसायला लागले की मला हा प्रश्न येतोच येतो, सोसायटीच्या ग्रुपवर, लिफ्टमध्ये, नाहीतर सरळ फोटोच पाठवतात आणि खाली लिहितात, "ताई, आणलं तेव्हा फुलांनी नुसतं भरलं होतं, आता पानंच पानं, ऊन कमी पडतंय का जास्त?" (शास्त्रीय नाव पेलार्गोनियम, पण नर्सरीत जिरेनियमच म्हणा, लगेच कळतं.)

यावर मी आधी दोन गोष्टी विचारते. बाल्कनी कुठल्या दिशेला आहे आणि सध्या महिना कुठला चाललाय. "रोज सहा तास ऊन" हे सगळे सांगतात आणि ते खोटं नाहीये, पण पुण्यातलं डिसेंबरचं सहा तास ऊन आणि एप्रिलचं सहा तास ऊन ही दोन वेगळीच प्रकरणं आहेत. या जातीची बरीचशी झाडं मूळची दक्षिण आफ्रिकेतली, केपकडची. त्यांना उजेड भरपूर लागतो पण हवा पंधरा ते पंचवीस डिग्रीच्या आसपास असली की ती खूश असतात. इंग्लंडमधल्या व्हिडिओत "फुल सन" सांगतात ते तिथल्या उन्हाळ्यासाठी ठीक आहे, तेच ऐकून आपण एप्रिलमध्ये कुंडी गच्चीवर दिवसभर ठेवली तर पानं भाजणार आणि कळ्या गळणार. म्हणजे प्रकाश हवा, ताप नको, एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

नेहमीच्या जिरेनियमची, म्हणजे ज्याच्या गोल पानावर तपकिरी पट्टा असतो त्याची, फुलं दिवस लहान आहे का मोठा यावर ठरत नाहीत, एकूण प्रकाश किती मिळाला यावर ठरतात. आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं कारण आपले डोळे फार लवकर सरावतात. "आमच्या हॉलमध्ये खूप उजेड असतो हो" असं मला कितीजण सांगतात! बाहेर भर दुपारी साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं माप) असतात, खिडकीपाशी ऊन थेट येत नसेल तर काही हजारांवर येतात, आणि हॉलच्या मध्ये टीपॉयवर जेमतेम दोन-तीनशे, आपल्याला पेपर वाचायला पुष्कळ पण झाडाच्या दृष्टीने जवळजवळ अंधार. त्यात खिडकीला काळी डासांची जाळी असेल तर अजून कमी. मोबाईलवर लक्स मोजायची अ‍ॅप्स मिळतात, अगदी अचूक नसतात पण फरक कळायला चालतात, आणि ते नको असेल तर कुंडीच्या जागी हात धरा, सावली ठसठशीत कडेची पडली तर जागा चांगली, नुसती पुसट पडली तर तिथे पान जगेल, फूल येणार नाही.

बाकी झाड स्वतःच सांगतं, जवळ जाऊन बघा फक्त. दांड्यावर दोन पानांमधलं अंतर बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त व्हायला लागलं, पानं मोठी, मऊ, फिकी झाली, देठ लांबले, तपकिरी पट्टा पुसट झाला आणि सगळं झाड एका बाजूला झुकलं तर ऊन कमी आहे. कळ्यांचा झुबका आधी खाली मान घालूनच येतो, ते बघून घाबरू नका, फुलायच्या वेळी दांडी आपोआप सरळ होते. पण कळ्या मान खाली असतानाच तपकिरी होऊन कागदासारख्या वाळल्या तर एक तर प्रकाश पुरत नाहीये नाहीतर गरमी जास्त झालीये, कुठलं ते महिना बघून कळतं. उन्हाने भाजलं की पानावर पांढुरके कोरडे चट्टे पडतात. आणि जानेवारीत पानांच्या कडा लालसर झाल्या तर तो बहुतेक वेळा थंडीचा परिणाम असतो, त्यासाठी कुंडी सावलीत हलवू नका प्लीज.

आता दिशा. मला विचाराल तर पुण्यात जिरेनियमसाठी सगळ्यात चांगली दक्षिणेची बाल्कनी, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच, त्यामुळे ऊन स्लॅबखालून पार आत येतं, आणि नेमके तेच गार दिवस फुलांचे. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य वर चढत जातो तसा वरच्या मजल्याचा स्लॅबच सावली धरायला लागतो, १३ मेच्या आसपास तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत सूर्य उत्तरेच्या बाजूला राहतो म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. ग्रीन नेट न बांधता उन्हाळा निघतो! पूर्वेची बाल्कनी दुसऱ्या नंबरवर, सकाळचं कोवळं ऊन मिळतं. पश्चिमेला थंडीत छान फुलतं पण मार्च लागला की कुंडी तिथून काढाच, दुपारी तीनचं ऊन आणि तापलेली भिंत यात मुळं शिजतात, प्लॅस्टिकच्या काळ्या कुंडीत तर जास्तच.

नवीन आणलेल्या झाडाचं मात्र वेगळं. उरुळी कांचनकडून आणा नाहीतर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून, ते बहुतेक पॉलिहाऊसमध्ये किंवा शेडनेटखाली वाढलेलं असतं, त्याला एकदम दिवसभर उन्हात ठेवू नका, पहिले तीन-चार दिवस सकाळचे एक-दोन तास, मग वाढवत वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा म्हणजे एकाच बाजूला वाकत नाही.

पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश तसाही कमी, पण म्हणून कुंडी उघड्यावर नेऊन भिजवू नका, दांडा खालून काळा पडून कुजतो. स्लॅबच्या कडेला, पाऊस लागणार नाही पण आकाश दिसेल अशी जागा बघा, पाणी अगदी कमी घाला, आणि त्या महिन्यांत फुलांची अपेक्षा ठेवू नका, झाड जगवणं एवढंच काम. ऑक्टोबरच्या शेवटी लांबलेले दांडे छाटले की नवीन फूट येते आणि डिसेंबरच्या उन्हात कळ्या धरतात.

आणि ज्यांची एकच बाल्कनी आणि तीही उत्तरेची, त्यांना मी स्पष्टच सांगते की फुलांचं जिरेनियम घेऊ नका, नेमकं थंडीत तिथे ऊन येत नाही आणि झाडाचे हाल बघवत नाहीत. तुम्हाला हेच झाड हवं असेल तर खालच्या वॉचमनकाकांना विचारून पार्किंगच्या कडेला उन्हाची जागा मिळते का बघा, किंवा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ठेवा, दुपारनंतर टाकीचीच सावली मिळते.