सिन्नरचे स्फटिक आणि ६६० किलोमीटर खोलवरचे खनिज

पृथ्वीच्या प्रावरणातील खनिजांवर पीएच.डी. करते आहे असे सांगितले, की नाशिकमध्ये समोरच्याला हमखास सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आठवते. तिथले झिओलाइट खनिजांचे स्फटिक देखणे आहेत खरे, पण दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत, कमी दाबाखाली, पाणी सामावून घेत ते वाढले. माझा विषय असलेले ब्रिजमनाइट ६६० किलोमीटरखाली, सुमारे २३ गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या सव्वादोन लाख पटींहून अधिक दाबाखाली स्थिर होते. पृथ्वीवर सर्वाधिक प्रमाणात असलेले खनिज बहुधा हेच असावे. तरीही नैसर्गिक नमुना ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम उल्केत सापडल्यावरच, २०१४ साली, त्याला हे नाव मिळाले.

तिथवर खोदणे शक्य नाही. रशियातील कोला येथील विवरही १२.२६ किलोमीटरवर थांबले. म्हणून तिथली परिस्थिती प्रयोगशाळेतच निर्माण करावी लागते. दोन हिऱ्यांची टोके घासून सपाट करतात आणि त्यांच्यामध्ये रेनियम या धातूचा पातळ पत्रा ठेवून, त्याला पाडलेल्या केसाएवढ्या छिद्रात नमुना भरतात. सोबत माणकाचा एक कण असतो. लेझर पडल्यावर तो लाल चमकतो आणि दाब वाढेल तशी त्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते, त्यावरून दाब कळतो. उपकरण तळहातावर मावते, हिरे एकमेकांवर दाबणारे स्क्रू हातानेच आवळतात, आणि हिरा तडकला तर आवाज ऐकू येतो. (तो आवाज ऐकल्यावर चहाला जाणेच शहाणपणाचे.)

दाबापेक्षा तापमान अधिक छळते. हिरा उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने नमुन्याच्या दोन्ही बाजूंना निऑन किंवा आर्गॉनचा थर देऊन मगच अवरक्त लेझरने तो २,००० केल्विनच्या वर तापवतात आणि तप्त बिंदूच्या वर्णपटावरून तापमान काढतात. मात्र त्या बिंदूपासून काही मायक्रॉन दूर गेले, तरी ते शेकडो अंशांनी कमी असू शकते, आणि या उतारामुळे नमुन्यातील लोह एका भागातून दुसऱ्या भागात सरकते. अशा वेळी मोजलेली घनता नेमकी कोणत्या रासायनिक रचनेची, हा प्रश्न प्रबंधात टाळून चालत नाही. माझ्या मते या क्षेत्रातील कित्येक मतभेदांचे मूळ खनिजांपेक्षा याच तापमानमापनात आहे. म्हणून प्रयोगानंतर नमुना आयन-शलाकेने आडवा कापून लोह कुठे साचले हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मी वरच्या आणि खालच्या प्रावरणामधल्या ६६० किलोमीटरच्या सीमेविषयी काहीच लिहीत नाही.