उताराची तयारी

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

एप्रिलमध्ये शिमल्याच्या पलीकडच्या डोंगरांत चार दिवसांची माउंटन बाइक शर्यत आहे आणि मी तिच्यासाठी नाव नोंदवले आहे, ही बातमी गावभर पसरल्यापासून शाळेत, घरात आणि किराणा दुकानात मला एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे एवढा चढ तुम्ही चढणार कशा. प्रश्न स्वाभाविक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, पश्चिम विदर्भातल्या पयानघाटाच्या काळ्या सपाट मुलखात ज्याचे आयुष्य गेले, त्याला डोंगर म्हटले की आधी चढच आठवतो. शर्यतीच्या माहितीपत्रकातही रोज किती मीटर चढायचे आहे ते ठळक अक्षरांत छापलेले आहे. किती उतरायचे आहे ते शोधूनही सापडत नाही, जणू वर गेलेला माणूस आपोआप खाली येतो.

चढाचे गणित मला समजते. सकाळी दोन तास वेळ काढला, हलके गिअर वापरले, दर पंधरा-वीस मिनिटांनी काही खाल्ले आणि आठवड्यागणिक अंतर वाढवत नेले, तर माझ्यासारखी नोकरी सांभाळून सायकल चालवणारी शिक्षिकाही चढाला पुरी पडू शकते. चढावर थकलेला माणूस खाली उतरून सायकल ढकलू शकतो आणि त्यात त्याचा फक्त वेळ जातो. उतारावर मात्र थकलेल्या हातांना थांबण्याची मुभा क्वचितच मिळते, आणि माझ्यासारख्या हौशी स्पर्धकांच्या शर्यती बहुधा तिथेच अर्धवट राहतात. म्हणून पुढचे सात आठवडे मी जी तयारी करणार आहे ती प्रामुख्याने उताराची असेल.

मामाजींना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली. तरुणपणी ते बंडीवर लाकूडफाटा लादून घाटातून खाली आणत असत. ते म्हणाले, "चढावर बैल दमते वो बाई, पन उतारावर बैल पडते. मांगचं वजन त्याच्या मानेवर येते." सायकलवरही नेमके हेच होते. उतार सुरू झाला की अंगाचा भार पुढे सरकतो, मनगटांवर येतो आणि पुढचे चाक दगडात अडले तर माणूस हँडलवरून पलीकडे जातो. त्यावरचा उपाय म्हणजे बैठक सोडून पेडलवर उभे राहणे, टाचा खाली दाबणे, कोपर बाहेरच्या बाजूला वाकलेले ठेवणे आणि अंगाचे वजन हातांऐवजी पायांतून सायकलवर टाकणे. वाचायला हे सोपे आहे. घाबरलेले शरीर मात्र याच्या बरोबर उलट वागते. ते हात ताठ करते आणि मागच्या बाजूला आखडून बसते.

मंगळवार

गावामागच्या टेकडीवरून पांदण रस्त्याकडे उतरणारी एक जुनी बंडीवाट आहे. तिच्यावर एकच चांगले वळण आहे, तेही डावीकडचे. खाली कठीण काळा पाषाण आणि वर सुटा मुरूम असल्यामुळे चाक कधी निसटेल याचा नेम नसतो. आज शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत मी तेवढ्या एका वळणावरच वर-खाली करत राहिले. शेळ्या घेऊन आलेल्या मावशींनी बराच वेळ पाहून शेवटी विचारलेच, "मॅडम, त्याच त्या वळणावर काऊन येता घडीघडी? काही हरपलं का?"

ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही, एवढे एक सूत्र अंगात मुरवण्यासाठी मी तिथे जाते. ब्रेक लावला की वजन पुढे येते आणि पुढच्या टायरची जमिनीवरची पकड वाढते, त्यामुळे सायकल थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. परंतु वळणात झुकलेल्या टायरला कडेची पकडही सांभाळायची असते. त्याच वेळी त्याच्याकडून थांबण्याचीही अपेक्षा केली, तर सुट्या मुरुमावर तो दोन्ही कामे सोडून देतो. म्हणून वेग आधी कमी करायचा, मग ब्रेकची लिव्हर, म्हणजे बोटांनी दाबायची दांडी, सैल सोडायची आणि नजर वळणाच्या शेवटाकडे न्यायची. नजरेचा भाग सर्वांत कठीण आहे. ज्या दगडाची भीती वाटते त्याच्याकडे पाहिले की चाक हमखास त्याच दगडावर जाते, हे मी इतक्या वेळा अनुभवले आहे की आता दगड दिसताच शेजारची मोकळी जागा शोधण्याची सवय लागू लागली आहे.

मार्चचा पहिला आठवडा

आज चिखलदऱ्याहून उतरले. परतवाड्यापासून धामणगाव गढीमार्गे वर जाणारा हा रस्ता आमच्या भागातील सर्वांत मोठा उतार आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे, म्हणजे परतवाड्यापेक्षा साधारण ७०० मीटर वर. हिमाचलातील उतारांपुढे हे कमीच, पण पश्चिम विदर्भात याहून अधिक मिळणार नाही. वर जाताना गाविलगडाचा विचार मनात येतोच. १८०३ च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जड तोफा याच डोंगरांतून, स्वतः वाट तयार करत, हातांनी ओढून किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या होत्या. त्या मानाने तेरा किलोची सायकल वर नेणे फारसे मोठे काम नाही.

विज्ञान शिकवत असल्यामुळे उतरण्याआधी वहीत एक हिशेब मांडून पाहिला. मी, सायकल, पाणी आणि दुरुस्तीची हत्यारे मिळून ७२ किलो वजन ७०० मीटर खाली येते, तेव्हा जवळजवळ ४९४ किलोज्यूल ऊर्जा कुठे तरी जावी लागते. एवढ्या ऊर्जेत दीड लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत सहज जाईल. त्यातला काही भाग वारा घेऊन जातो आणि उरलेला दोन पातळ पोलादी चकत्या व त्यांना दाबणारे बोटभर लांबीचे पॅड यांच्या वाट्याला येतो. ब्रेक संपूर्ण उतारभर थोडा थोडा दाबून ठेवला, तर चकतीला थंड व्हायला सवड मिळत नाही, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल हवी तशी थांबत नाही. थोडा वेळ जोरात दाबायचा आणि मग पूर्ण सोडून द्यायचा, ही रीत त्यापेक्षा पुष्कळ बरी, कारण मोकळ्या तुकड्यात वारा चकती थंड करतो आणि बोटांनाही क्षणभर विसावा मिळतो. दहावीच्या वर्गाला ऊर्जेच्या रूपांतराचे याहून चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही.

या खेळाचा जन्मही उतारावरच झाला, हे फार थोड्यांना माहीत असते. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत चार्ली केली आणि त्याच्या मित्रांनी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन एका डोंगरी रस्त्यावरून खाली येण्याच्या शर्यती सुरू केल्या. सुमारे तीन किलोमीटरमध्ये ४०० मीटर उतार. पेडल मागे फिरवून लावायचे ते ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असत आणि खाली पोहोचेपर्यंत हबमधील ग्रीस जळून त्याचा धूर झालेला असे. पुढच्या फेरीआधी ते नव्याने भरावे लागे. पुढे वीस वर्षांत, म्हणजे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या शर्यतीचा प्रकार दाखल झाला आणि लोकांचे लक्ष चढाकडे, फुप्फुसांकडे आणि घड्याळाकडे वळले. मला त्या पहिल्या मंडळींविषयी मनापासून आदर वाटतो. आजच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला एक बोट पुरते, आणि एवढी सोय हाताशी असताना उतार नीट न शिकणे मला योग्य वाटत नाही.

होळीनंतरचा तिसरा दिवस

होळीनंतरचे पाच दिवस मेळघाटातील कोरकू बांधवांचा फगवा असतो. ढोल-बासरी वाजवत लोक रस्त्यावर उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून फगवा, म्हणजे सणाचे पैसे, मागतात. आज घटांगच्या बाजूने खाली येताना वळणापलीकडे रस्ता माणसांनी भरलेला होता. मी दिसणाऱ्या रस्त्याच्या अर्ध्या लांबीत थांबता येईल एवढ्याच वेगाने येत असल्यामुळे शांतपणे थांबता आले. खिशात याच दिवसांसाठी सुटे पैसे ठेवले होते. ते दिल्यावर दोन मुलींनी सायकलच्या चकतीवर पाण्याचे थेंब टाकून त्यांचा चर्र आवाज ऐकला आणि तो पुन्हा ऐकण्यासाठी आणखी पाणी आणले.

न दिसणाऱ्या वळणापलीकडे कोणी तरी आहेच असे धरून चालण्याचा हा नियम मी शर्यतीतही पाळणार आहे. तिथे फगवा नसेल, पण मेंढ्यांचे कळप आणि गवताचे भारे घेऊन चाललेल्या बायका असतील; त्यांच्या रोजच्या वाटेवर आम्ही चार दिवसांचे पाहुणे असू.

मार्चचा तिसरा आठवडा

शाळा सकाळची झाली. त्यामुळे पहाटेचा सराव बंद पडला आणि सायंकाळचा उरला, जेव्हा रस्ताही तापलेला असतो आणि वाराही. पहाटे डोंगराच्या कडेला जाणे असेही आता शहाणपणाचे नाही. मोहफुले गळू लागली आहेत, आणि ती वेचायला माणसांच्या आधी अस्वले येतात. रविवारीसुद्धा ऊन नीट वर आल्याशिवाय मी घाटाकडे निघत नाही.

जंगलातील वाटांवर सागाची पाने पडून गेली आहेत. ताटाएवढी, वाळलेली, एकावर एक साचलेली ही पाने खालचे दगड, मुळे आणि खड्डे पूर्णपणे झाकून टाकतात. तिकडे हिमाचलात चिडाच्या (पाइनच्या) झाडांच्या सुया वाटेवर अशाच पसरलेल्या असतात आणि त्या कोरड्या असतानाही निसरड्या असतात. म्हणून गावाजवळच्या सागाच्या एका लहान पट्ट्यातून मी मुद्दाम हळू हळू उतरते. पानांवर ब्रेक लावायचा नाही, सायकल सरळ ठेवायची आणि टायर थोडा घसरला तरी हात घट्ट करायचे नाहीत. आमच्याकडे चिडाची झाडे नाहीत याची खंत करत बसण्यापेक्षा जे आहे त्यातून शिकावे, आणि विदर्भात या दिवसांत सागाची पाने हवी तेवढी आहेत.

टायरविषयी एवढेच लिहून ठेवते की पुढे २० आणि मागे २२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा माझ्या वजनाला मानवली. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरला पर्याय नाही. आतले सीलंट, म्हणजे छिद्रे बुजवणारा द्रव, या उन्हाने लवकर सुकते, त्यामुळे निघण्यापूर्वी ते नव्याने भरावे लागेल.

मार्चअखेर, शनिवार

पारा ४० च्या पुढे गेला आहे. रोज शाळेच्या मैदानावरील सिंगल बारला लोंबकळते. सुरुवातीला हातांचा कोपराखालचा भाग काही सेकंदांतच भरून येई. आता पुष्कळ वेळ टिकते. लांब उतारावर माणूस पायांनी नव्हे, तर बोटांनी आधी थकतो, आणि बोटे लिव्हरवर घट्ट आवळली गेली की उघडतच नाहीत. नववीच्या मुलींना यामागचे कारण सांगितल्यावर आता त्यांच्यापैकी चौघी-पाचजणी माझ्यासोबत बारला लटकतात आणि कोण जास्त वेळ टिकते ते मोजतात. त्या मला बहुधा हरवतात.

उतारामुळे खाण्याचे वेळापत्रकही बदलावे लागले. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, म्हणजे दोन केळी आणि गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू, परंतु उतारावर हँडल सोडून खाता येत नाही. त्यामुळे माथा येण्यापूर्वीच्या शेवटच्या चढावर, श्वास लागलेला असतानाच, खाऊन घेण्याची सवय करते आहे. सुमारे २,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशच उरतो. तिथे चढून आलेले डोके आधीच थोडे मंद झालेले असेल आणि नेमक्या त्याच क्षणी सर्वांत अवघड निर्णय घ्यायचे असतील. माथ्यावर मिनिटभर थांबणे, घामाने ओल्या अंगावर वाऱ्यासाठी पातळ जाकीट चढवणे, दोन्ही लिव्हर दाबून पाहणे आणि मगच निघणे, हा क्रम मी इथल्या उकाड्यातही पाळते आहे. ४१ अंशांत जाकीट घालताना पाहून संत्र्याच्या बागेतील मजुरांनी काळजीने विचारले, "ताई, ताप-गीप आला का?" त्यांना सगळे समजावून सांगितले. त्यांपैकी एका काकांनी शिमल्यात बर्फ असते का, असे विचारून माझ्यासाठी बागेतली चार संत्री पिशवीत घालून दिली.

एप्रिल, निघण्याच्या आदल्या दिवशी

सायकल खोक्यात भरली. चकत्या काढून वेगळ्या गुंडाळल्या आणि दोन्ही कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या ब्रेकच्या भागात) पॅडच्या मधोमध प्लॅस्टिकची चीप बसवली, कारण चकती नसताना प्रवासात लिव्हर चुकून दाबली गेली तर पिस्टन बाहेर येतात आणि पोहोचल्यावर चकती आत बसत नाही. पॅड मागच्या आठवड्यातच नवे बसवून घाटात घासून घेतले आहेत, म्हणजे पहिल्याच दिवशी कोऱ्या पॅडवर उतरण्याची वेळ येणार नाही. आणखी दोन जोड्या सोबत घेतल्या आहेत.

मामाजी खोक्याला सुतळी बांधत होते. मी परत कधी येणार, ते त्यांनी विचारले. शर्यत कोण जिंकते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. शर्यत संपल्यावर तिसऱ्या दिवशी मला सातवीच्या परीक्षेला हजर राहायचे आहे, आणि हात-पाय शाबूत ठेवून हजर राहायचे आहे. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या उताराबाबत निर्णय झालेला आहे: वाट अरुंद असेल तिथे मागून येणाऱ्यांना बाजूला होऊन पुढे जाऊ देईन, मोठे दगड असलेला तुकडा आधी थांबून पाहीन, आणि जिथे चाकाची रेषा डोळ्यांना दिसणार नाही तिथे सायकल खांद्यावर घेऊन उतरेन. दुसऱ्या दिवसाचा वेग पहिल्या दिवशी संध्याकाळी पॅड किती झिजले ते पाहून ठरवणार आहे.