तीन नंबरचं इंजिन

अप्पांना, म्हणजे वडिलांना, मॉडेल आगगाडीच्या इंजिनाची किंमत सांगताना मी एक शून्य खाल्लं.

फोनवर त्यांनी विचारलं, "कितीला पडलं की?" मी म्हटलं, "तीन हजार आठशे." खरी किंमत ३८० युरो, म्हणजे अडतीस हजारांच्या आसपास. पलीकडून नुसतं "हं" आलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करण्यात, जन्म घालवलेल्या माणसाचं "हं" फसवं असतं. समोरच्याला वाटतं, पटलं.

श्टुटगार्टजवळ राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी इथून थंडीवर लिहिलं, पावावर लिहिलं, घरमालकाच्या कचऱ्याच्या चार डब्यांवरही लिहिलं. आगगाडीच्या मॉडेलवर मात्र कधी लिहिलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी खेळण्यातलं इंजिन घेतलं हे बेळगावात कळलं तर गणपत गल्लीपर्यंत चर्चा होईल, ही खरी भीती. (इथल्या दुकानात "खेळणं" हा शब्द तोंडातून गेला तर दुकानदाराचा चेहरा पडतो. एकदा केलंय, परत नाही.)

मूळ सगळं बेळगावच्या रेल्वेच्या तिसऱ्या गेटापाशी आहे. आता तिथं उड्डाणपूल झालाय. माझ्या लहानपणी गेट पडलं की उद्यमबागेच्या पाळीला निघालेल्या सायकलींची रांग लागायची. मी अप्पांच्या सायकलच्या दांडीवर. लोंढ्याकडून मीटरगेजची गाडी यायची आणि तिचं इंजिन गेटावरून जाईतोवर अप्पा बोलायचे नाहीत. गाडी गेल्यावर एवढंच म्हणायचे, "चाकं बघितलास? बिडाची न्हवंत ती, पोलादाची." नव्वदच्या दशकात लाईन मोठी झाली, मीटरगेज गेलं. मी इंजिनिअर झालो खरा, पण रेल्वेतला नव्हे. वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करतो. दिवसभर मायक्रोमीटर आणि वर्नियर.

या भागात राहून मॉडेल रेल्वेचा वारा लागला नाही तर नवलच. गोपिंगेन इथून गाडीनं तासाभराच्या आत. मेर्क्लिन ही कंपनी १८५९ साली तिथंच सुरू झाली, तीही बाहुलीच्या घरातली पत्र्याची भांडीकुंडी करण्यापासून. १८९१ मध्ये त्यांनी लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणारी गाडी मांडली. आपण ज्याला गेज म्हणतो ती कल्पना खेळण्यात आली ती तिथून. त्याआधी ज्यानं गाडी केली त्याचेच रूळ तिला चालायचे.

पहिली खरेदी मी चुकीची केली. एका गावाच्या सभागृहात जुन्या गाड्यांचा बाजार भरला होता. टेबलं, त्यावर खोकी, खोक्यांत इंजिनं, मागं थर्मासमधून कॉफी ओतून घेणारे म्हातारे. ४५ युरोत एक जुनं काळं इंजिन मिळालं. हातात जड लागलं म्हणून मी खूष. घरी आणून रुळावर ठेवलं तर चाकं जाम. खालून बघितलं तर चौकट केसभर फुगलेली आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. व्हिडिओ कॉल लावून अप्पांना दाखवलं.

"जवळ आण. आणखी जवळ. जस्ताचं हाय न्हवं हे?"

"होय."

"मग जस्तात शिसं गेलंय. भट्टीत कुणीतरी भंगार टाकलंय. आतनं कुजतंय ते, रंगानं झाकायचं न्हाई. टाकून दे."

मी नंतर वाचलं तर नेमकं तेच. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी थोडी जरी राहिली तरी दमट हवेत कणांच्या सीमेवरून गंज आत शिरतो, कास्टिंग फुगतं आणि शेवटी बिस्किटासारखं मोडतं. इथले लोक त्याला जस्ताचा प्लेग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मिळेल तो धातू वापरून केलेल्या मॉडेलांत तो बराच आढळतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असणारच. माझ्याकडे बघून त्यानं कॉफीचा घोट घेतला होता तो त्यासाठीच.

त्यानंतर दोन वर्षं मी फक्त काचेतून बघत होतो. गावातल्या एका जुन्या दुकानाच्या काचेत आल्प्समधल्या गॉटहार्ड लाईनवरची स्विस 'मगर', म्हणजे तिथल्या विजेच्या इंजिनाचं मॉडेल, उभी असे. पुढं लांब नाक, मागं लांब नाक, मधे केबिन. ती बघून मला बोरघाटातला 'खेकडा' आठवे. तो मी चालताना बघितलेला नाही, फोटोतच. १९२८ पासून जीआयपी रेल्वेनं घाटात मालगाड्या ओढायला आणलेली ही विजेची इंजिनं, त्यातली पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्यातच जन्मली, बाकीची इंग्लंडमध्ये, म्हणजे मगरीची धाकटी भावंडंच. मगरीची किंमत विचारली आणि गप्प बसलो.

शेवटी एका शनिवारी आत गेलो आणि दुकानदार आजोबांना म्हटलं, मला एकच इंजिन घ्यायचंय, पण चांगलं. त्यांनी उलट प्रश्न विचारला, "किती जोरात पळायला हवं?" मी म्हटलं, जोरात कशाला? ते पहिल्यांदा हसले. मग त्यांनी काउंटरखालून दोन इंजिनं काढली आणि मीटरभर रुळावर शेजारीशेजारी ठेवली. एक स्वस्तातलं, एक महाग. दोन्हींना वेगाची पहिली पायरी दिली. स्वस्तातलं थांबलं ते थांबलं, मग एकदम गचका देऊन सुटलं. महागातलं निघालं कधी हे मला कळलंच नाही. चाकाचा आरा हलतोय एवढंच दिसत होतं. एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर जायला त्याला श्वासभर वेळ लागला आणि तेवढ्या वेळात कनेक्टिंग रॉड, क्रॉसहेड, वाल्व्ह गिअरच्या त्या सुईएवढ्या काड्या, सगळं आपापल्या वेळेला वर-खाली होत राहिलं. कुठं अडखळ नाही.

माझा पेशा तपासणीचा. कुठल्याही यंत्राची परीक्षा वेगात होत नाही, ती सावकाश चालताना होते. वेगात सगळी ढिलाई झाकली जाते. गिअरच्या दातांमधली ढिल (बॅकलॅश), वाकडा अॅक्सल, चाकाची डगमग (रनआउट), हे सगळं अगदी हळू फिरवल्यावर उघडं पडतं. हळू चालतानाही गचका बसू नये म्हणून महागातल्या इंजिनात काय असतं, तर पाच पोलची मोटर, तिच्या दांड्यावर पितळी फ्लायव्हील आणि मोटर किती फिरली हे क्षणाक्षणाला मोजून करंट कमी-जास्त करणारा नखाएवढा डिकोडर. वजनही लागतं, ते जस्ताच्या अंगातून येतं. पकड सुटू नये म्हणून मागच्या चाकांवर केसांच्या रबरबँडपेक्षा बारीक रबरी कडं. पैसे या सगळ्याचे असतात. चकाकीचे फार थोडे.

मी घेतलं ते जर्मन रेल्वेच्या ६४ क्रमांकाच्या मालिकेतल्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. १९२८ ते १९४० मध्ये अशी ५२० बांधली गेली, आडमार्गाच्या छोट्या लाईनींसाठी. पाण्याच्या टाक्या आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर, मागं वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) नाही. त्या तोकड्या बांध्यावरून जर्मन लोकांनी त्याला त्या काळच्या बायकांच्या केशरचनेचं नाव दिलं. आपल्याकडे सरळ बॉबकट म्हणावं. सत्त्याऐंशीपट लहान करून ते माझ्या हातात चौदा सेंटिमीटरचं येतं.

रुळाची पद्धत निवडणं हा दुसरा घोळ. मेर्क्लिनच्या या मापाच्या रुळात मधोमध तिसरा संपर्क असतो, बाकी बहुतेकांचे दोनच रूळ. एकाचं इंजिन दुसऱ्यावर नुसतं ठेवून चालत नाही. मी दोन रुळांचं घेतलं, कारण उद्या भारतात कुणाशी देवाणघेवाण करायची वेळ आली तर तेच सोयीचं. व्होल्टेजचा प्रश्न नव्हता, वीज तिथंही २३० व्होल्ट, इथंही २३० व्होल्ट.

घरी आणल्यावर दुकानदार आजोबांनी सांगितल्याप्रमाणे अर्धा तास पुढं आणि अर्धा तास मागं, डबा न जोडता नुसतं फिरवलं. नव्या गिअरला दात बसवायला वेळ द्यावा लागतो. मग सुईच्या टोकानं तेलाचा थेंब. थेंब म्हणजे खरंच थेंब. जास्त झालं तर रबरी कड्यावर जातं आणि इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. हा प्रयोगही मी करून बघितला, न बोलता पुसून टाकला.

डिजिटल इंजिनाला पत्ता असतो, कंट्रोलवर तो दाबला की तेवढंच इंजिन ऐकतं. नव्याचा पत्ता कारखान्यातूनच ३ येतो. दुसरं इंजिन घेतलं की बदला असं पुस्तिकेत लिहिलंय. आमचं घर तिसऱ्या गेटाजवळ. मी बदललेला नाही, बदलणारही नाही.

यंदा गणपतीला ते बेळगावला नेलं. हाताच्या बॅगेत, मूळ फोमच्या साच्यासकट. आईनं मखराभोवती जागा करून दिली. तीनशेसाठ मिलिमीटर त्रिज्येचा गोल, म्हणजे चौरंगाच्या बाहेर चहूकडं वीतभर. धुराचं तेल घालू का विचारलं तर आई म्हणाली, देवासमोर धूर नको. अप्पा म्हणाले, "उदबत्तीचा चालतोय, ह्याचा न्हाई?" तेल घातलं नाही.

आरतीनंतर गल्लीतली पोरं जमली. इंजिन तीन डबे घेऊन मखराला फेऱ्या घालायलाय आणि मधेच लाइट गेली. अंधारात एक बारीक पिवळा दिवा वीतभर पुढं सरकला आणि मग थांबला. आत एक छोटा साठा असतो, घाणेरड्या रुळावर संपर्क तुटला तर क्षणभर चालावं म्हणून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं तो देखाव्याचाच भाग.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांनी खोलीचं दार लोटलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "उलटं कर की." इंजिन फोममध्ये पाठीवर झोपवलं. त्यांनी कपाटातून स्वतःचा वर्नियर काढला.

"रुळाचं गेज किती?"

"साडेसोळा."

"गुणिले सत्त्याऐंशी..." ते पुटपुटले. "चौदाशे पस्तीस. मग आपल्यापेक्षा लहानच हाय की ह्यांची लाईन. आपली सोळाशे शहात्तर." मी म्हटलं, आपली मोठी लाईन या मापात केली तर एकोणीस मिलिमीटर येईल आणि जुनी लोंढ्याची मीटरगेज साडेअकराच्या आसपास. साडेअकरा ऐकून त्यांनी वर्नियर तेवढाच उघडला आणि थोडा वेळ त्या फटीतून बघत राहिले.

मापांशी त्यांचं नातं वेगळं. पॅटर्नमेकरची पट्टी मुद्दाम लांब असते. बीड थंड होताना शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि हिशेब करत बसायला नको म्हणून पट्टीवरचे आकडेच लांब पाडलेले. सहावीत मी ती पट्टी भूमितीच्या पेपरला नेली होती. सगळ्या रेघा एक टक्का जास्त. सरांनी वहीवर लिहिलं, 'पट्टी नीट वापरणे.' अप्पांना दाखवल्यावर ते दिवसभर हसत होते.

आता ते चाकाची किनार मोजत होते. "ही फार जाड हाय खरं. सत्त्याऐंशीनं भाग जात न्हाई." बरोबर. खरी किनार या मापात मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी येईल आणि गाडी पहिल्याच सांध्याला उतरेल. म्हणून मुद्दाम जाड करतात. "म्हणजे ह्यांची पण पट्टी लांब," अप्पा म्हणाले आणि इंजिन सरळ केलं.

मग बराच वेळ टॉर्च धरून ते काहीतरी शोधत होते. "पार्टिंग लाइन कुठाय?" साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं कास्टिंगवर रेघ उरतेच, त्यांच्या मते रेघ नसलेलं कास्टिंग जगात नाही. बॉयलरवर नव्हती, टाकीवर नव्हती. शेवटी पायफळीच्या खालच्या कडेला, बघणाऱ्याची नजर जाणार नाही अशा जागी, नखाला लागली. "इथं लपवलीय," ते म्हणाले, आणि एखाद्या ओळखीच्या माणसाची खोडी सापडावी तसा चेहरा झाला. भिंग घेऊन टाकीवरची कारखान्याची पाटी वाचली. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान पाटीवरची अक्षरं सुटी सुटी लागत होती.

इंजिन फोममध्ये ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"बॉडीच्या साच्याला बाजूनं सरकणारे भाग किमान चार. चाकं वेगळी, रॉड वेगळे, छपाई वेगळी. तीन हजार आठशेत ह्याचा डबा पण येणार न्हाई. एक शून्य कुठं घातलास?"

मी काही बोललो नाही.

"आईला काय सांगितलायस?"

"तेच. तीन हजार आठशे."

"तसंच राहू दे," ते म्हणाले. "आणि तो कंट्रोल दे इकडं. किती नंबर दाबायचा?"

"तीन."