ह्युस्टनमध्ये घर घेताय? मग शेजारच्या प्लॉटचेही कागद काढा

ह्युस्टनमध्ये घराचा सौदा ठरला की टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीहक्क तपासणाऱ्या कंपनीकडून, कागदांचा गठ्ठा येतो. त्यात शेड्यूल बी नावाचा भाग असतो आणि त्यातली पहिलीच नोंद असते डीड रिस्ट्रिक्शन्सची, म्हणजे मालक बदलला तरी जमिनीला चिकटलेल्या अटींची. कधीकधी तिथे एवढंच लिहिलेलं असतं की ही नोंद वगळली आहे. नवा माणूस खूश होतो. चला, कटकट नाही, हवं ते बांधू. शहरात मुरलेला माणूस तेच वाचून सावध होतो, कारण आपल्याला अट नाही तर बहुधा शेजारच्यालाही नाही.

सुमारे २३ लाख वस्तीच्या या शहराने झोनिंगला तीनदा मतदानातून नकार दिला आहे, १९४८, १९६२ आणि १९९३ मध्ये. आपल्याकडच्या विकास आराखड्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग भरलेले असतात, तसा नकाशा इथे नाहीच. पण त्यावरून नियमच नाहीत असं समजणं ही इथल्या नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. जागेचा वापर कशासाठी करायचा हे शहर विचारत नाही. बाकी बरंच विचारतं : प्लॉट किती मोठा, रस्त्यापासून बांधकाम किती आत, गाड्यांना जागा किती, जोतं पुराच्या पातळीपेक्षा किती वर. यातला प्लॉट आणि रस्त्यापासूनच्या अंतराचा मुख्य भाग नगरसंहितेच्या ४२व्या प्रकरणात आहे, आणि जुने रहिवासी ‘चॅप्टर फॉर्टी-टू’ हे शब्द आपल्याकडे सातबारा म्हणावं तितक्या सहज बोलतात.

हे प्रकरण समजून न घेता लोक प्लॅनिंग कमिशनच्या सुनावणीला जातात आणि हात हलवत परत येतात. ठरावीक प्रकारच्या निवासी जागेचा नवा लेआउट, इथल्या भाषेत रीप्लॅट, मंजुरीला आला की त्याच मूळ लेआउटमधल्या २०० फुटांतल्या मालकांना सुनावणीचं पत्र येऊ शकतं. मंडळी तावातावाने जाऊन बोलतात की रहदारी वाढेल, सावली पडेल, गल्लीची शोभा जाईल. यातलं काहीही कमिशनच्या हातात नसतं. लेआउट नियमांत बसला की तो मंजूर करावाच लागतो. अर्जदाराने नियमातून सूट, म्हणजे व्हेरियन्स मागितली असेल तरच बोलण्याला वजन येतं. तेव्हा मूळ लेआउटमधल्या २०० फुटांतल्या किमान २० टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी विरोध केला, तर मंजुरीला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणून पत्र आलं की आधी एवढंच शोधा की व्हेरियन्स मागितली आहे का. नसेल तर सुट्टी टाकून जाऊ नका.

खरी ताकद त्या डीड रिस्ट्रिक्शन्समध्ये आहे, आणि लोक त्या निम्म्याच वाचतात. आपला प्लॉट कोणत्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, कितव्या सेक्शनमध्ये आहे हे जिल्ह्याच्या मूल्यांकन कार्यालयाच्या वेबसाइटवर ‘लीगल डिस्क्रिप्शन’खाली मिळतं. ते नाव आणि सेक्शन नंबर घेऊन काउंटी क्लार्कच्या, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयाच्या, नोंदींत मूळ अटी आणि नंतरच्या दुरुस्त्या शोधायच्या. पहिल्यांदा मुदत बघायची. जुन्या अटी बऱ्याचदा २५-३० वर्षांच्या असतात. काही दर दहा वर्षांनी आपोआप पुढे चालू राहतात, काही तशाच संपून जातात, आणि गल्लीतल्या कुणाला पत्ताही नसतो. मग सेक्शनची हद्द कुठे संपते ते बघायचं. अटी फक्त त्या सेक्शनपुरत्या असतात आणि हद्द तुमच्या मागच्या कुंपणावरूनही जात असू शकते. कुंपणापलीकडचा प्लॉट दुसऱ्या सेक्शनमध्ये किंवा कशातच नसला, तर तुमच्या कडक अटींचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण राइस विद्यापीठाजवळचं अ‍ॅशबी हायराइज. २००७ मध्ये तिथे २३ मजली इमारतीचा प्रस्ताव आला. आजूबाजूच्या टुमदार बंगल्यांच्या वस्त्यांना पक्क्या अटी होत्या, त्या एका जागेला नव्हत्या. अंगणाअंगणात निषेधाच्या पाट्या लागल्या, प्रकरण कोर्टात गेलं. २०१३ मध्ये ज्युरीने काही रहिवाशांना नुकसानभरपाई दिली, न्यायाधीशांनी ती कमी केली पण बांधकाम थांबवलं नाही, आणि २०१६ मध्ये वरच्या कोर्टात भरपाईही गेली. ती इमारत तेव्हा झाली नाही. पुढे त्याच जागेवर दुसऱ्या विकासकाची २० मजली इमारत उभी राहिली. शहरातल्या नामांकित, पैसेवाल्या वस्तीची ही गत.

अटी असूनही त्या मरू शकतात. टेक्ससमध्ये उल्लंघनाविरुद्ध दावा लावायला साधारण चार वर्षांची मुदत आहे. कोपऱ्यावरच्या घरात दुकान सुरू झालं, सगळे ‘जाऊ दे’ म्हणाले, पाच वर्षांनी वकील गाठला, तर वेळ गेलेली असते. अशी बरीच उल्लंघनं खपवून घेतली तर कोर्ट म्हणू शकतं की ही अट तुम्हीच सोडून दिली आहे. एक सोय मात्र इथे वेगळी आहे : वापर, रस्त्यापासूनचं अंतर, प्लॉटचा आकार, इमारतींची संख्या अशा अटींसाठी शहराचं विधी खाते स्वतः दावा लावू शकतं. भिंतीच्या रंगासाठी नाही.

अटी नसलेल्या गल्लीत बंगला पाडून टाउनहाउसेस, म्हणजे खेटून उभी अरुंद घरं, येतात. १९९८च्या दुरुस्तीने ६१० लूपच्या, म्हणजे शहराच्या मध्यभागाभोवतीच्या गोल महामार्गाच्या, आत, ठरावीक मोकळी जागा सोडल्यास, १,४०० चौरस फुटांचे प्लॉट पाडता येऊ लागले, २०१३ मध्ये ही मुभा लूपबाहेरही गेली. आधी ५,००० चौरस फुटांवर एक घर असे, आता तिथे तीन बसतात. माझ्या मते ही या शहराने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट, कारण मध्यमवर्गाला शहराच्या आत घर परवडलं ते यामुळे. कचऱ्याचे डबे आणि पाहुण्यांच्या गाड्या यांवरून होणारी भांडणं ही त्याची किंमत. ज्यांना नकोच असेल त्यांनी गल्लीतल्या मालकांचा पाठिंबा जमवून ‘स्पेशल मिनिमम लॉट साइझ’साठी, म्हणजे ठरावीक आकाराहून लहान प्लॉट पाडायला मनाई मिळवण्यासाठी, अर्ज करावा, मंजूर झाला की ४० वर्षं चालतो. विकासकाचा अर्ज आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

मोकळेपणाचं कौतुक करणाऱ्यांनी उत्तर आणि पूर्वेकडच्या वस्त्याही बघाव्यात. १९७०च्या दशकाअखेर समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी मोजलं, तेव्हा महापालिकेच्या मालकीची पाचही कचराभरणी मैदानं कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाली, आणि कचरा जाळण्याच्या आठपैकी सहा भट्ट्याही. आज तशाच भागांत काँक्रीट मिक्सिंगचे प्लांट आहेत. त्यांना हवेसंबंधीची परवानगी राज्याची पर्यावरण संस्था देते, आणि जागेच्या वापरावरून नाही म्हणायला शहराकडे झोनिंग नाही. वकील आणि रहिवासी संघटना परवडणाऱ्यांनाच अटींचं कवच मिळतं, हे इथल्या व्यवस्थेचं उघडं व्यंग आहे.

पाण्याचं वेगळं बघा. हार्वे वादळानंतर, सप्टेंबर २०१८ पासून, पूरक्षेत्रातल्या नव्या घराचं जोतं ५०० वर्षांच्या पूरपातळीपेक्षा (कुठल्याही वर्षी पाचशेत एक शक्यता असलेल्या पुराच्या पातळीपेक्षा) दोन फूट वर लागतं. जुन्या घराला हे लागू नव्हतं, म्हणून त्याचं एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे जोत्याच्या उंचीचा दाखला, मागाच. पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर जलाशयांच्या फुगवट्यात वसाहती उभ्या राहिल्या, आणि फोर्ट बेंड काउंटीच्या लेआउटवर त्याची बारीक अक्षरांतली टीप होती. २०१७ मध्ये पाणी शिरलं तेव्हा अनेकांना ती पहिल्यांदा कळली.

आपली पुष्कळ मंडळी राहतात त्या शुगर लँड या शेजारच्या शहराला स्वतःचं झोनिंग आहे. पश्चिमेकडच्या केटीचा पत्ता असलेली बरीच घरं मात्र कुठल्याच शहराच्या हद्दीत नाहीत, आणि टेक्ससच्या काउंट्यांना झोनिंगचा सर्वसाधारण अधिकारच नाही. तिथे सगळा कारभार डीड रिस्ट्रिक्शन्स आणि एचओएचा, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचा. वर्गणी थकली तर एचओए घरावर जप्तीपर्यंत जाऊ शकते, तेव्हा तिची पत्रं फाडून टाकू नका. तुळशीवृंदावनाबद्दल नेहमी विचारलं जातं : २०२१च्या कायद्याने एचओएला धार्मिक वस्तूंवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण वृंदावन बिल्डिंग लाइनच्या (बांधकामाच्या मर्यादेच्या रेषेच्या) पुढे किंवा ईझमेंटवर (इतरांच्या वापरासाठी राखलेल्या पट्ट्यावर) आलं तर हरकत घेता येते. जागा ठरवण्याआधी सर्व्हेचा नकाशा उघडून त्या दोन रेषा बघा.